चिनी गुलाबाची लागवड व निगा
(खेड्यांतील उपदेशक व शाळामास्तर ह्यांच्याकरिता)

खाडीकाठच्या खेड्यांत प्रार्थनामंदिराभोवतीची जमीन बहुधा उघडी असते. पावसाळ्यात तिची माती वाहून जाते व उन्हाळ्यात तिचाच धुरळा उपासनेच्या वेळी आत येतो. अशा जागी पैसा न खर्चिता काय लावावे, ह्या प्रश्नास चिनी गुलाब हे चांगले उत्तर आहे.

पनवेल तालुक्यातील उलव्याकडे हा प्रश्न विशेष निकडीचा आहे. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली आदिकरून दहा गावे उठली; उलव्याची टेकडी सुरुंगांनी फोडून सपाट करण्यात आली; आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. घर सोडणाऱ्यास परसातील आंबा किंवा चिंच बरोबर नेता येत नाही. भराव घातलेल्या नव्या जागेत मुरूम व खडीच अधिक. तेथे जुन्या बागेतले पुष्कळसे जगत नाही. चिनी गुलाबाची चार बोटे लांबीची काडी मात्र पदराच्या गाठीत बांधून नेता येते, व ती मुरमातच सुखाने वाढते. ज्यांचे परस गेले त्यांच्या दाराशी त्यांचे स्वतःचे काही उगवावे, ही गोष्ट आम्हांस क्षुल्लक वाटत नाही.

ह्या रोपाचा चीन देशाशी काही संबंध नाही. ते दक्षिण अमेरिकेचे. जॉन गिलीज़ नामक स्कॉटिश डॉक्टरांस ते अर्जेंटिनातील मेंडोझाजवळ आढळले, व हूकर ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. फूल सकाळी नऊ-दहाच्या सुमारास उमलते, म्हणून शहरात त्यास ‘ऑफिस टाइम’ म्हणतात. आमच्या मंडळ्यांत तर तीच उपासनेच्या घंटेची वेळ! आभाळ भरून आले म्हणजे ते नीट उमलत नाही. आणि एकदा उमललेले फूल दुसरा दिवस पाहत नाही.

लागवड अशी करावी. पाऊस सरल्यावर, कार्तिकाच्या सुमारास, निरोगी काड्या खुडून एक दिवस सावलीत ठेवाव्या, म्हणजे कापलेले तोंड सुकते. ओल्या तोंडाची काडी कुजते. मग मुरूम व वाळू मिसळलेल्या भुसभुशीत मातीत वीतभर अंतराने खोचाव्या. जागा दिवसभर उन्हाची असावी. दोन आठवड्यांत मुळे धरतात. माती पूर्ण सुकल्यावरच पाणी घालावे. हंड्याचे खरकटे धुतलेले पाणीही चालते, परंतु साबणाचे नको. शेणखत फार घातल्यास पाला माजतो व फुले रोडावतात. पांढरा पिठासारखा कीडा दिसला तर ती काडी काढून जाळून टाकावी.

बी बंदुकीच्या दारूसारखे बारीक असते. बोंडाचे टोक डबीच्या झाकणाप्रमाणे निघते, तेव्हा ते गोळा करावे. हे बी मातीत पुरू नये, नुसते वर भुरभुरावे. त्यास रुजण्यास उजेड लागतो.

येथे शब्बाथ शाळेतील एखादा चलाख मुलगा विचारील: मत्तय १३ मध्ये खडकाळीवर पडलेले बी उन्हाने करपले, मग हे कसे तरते? उत्तर सरळ द्यावे. प्रभू गालीलातील शेतकऱ्यांस धान्याविषयी सांगत होता, व धान्यास खोल मूळ हवेच. ह्या रोपाचे मूळ उथळच आहे. परंतु ते आपल्या जाड पानांत पाणी साठविते, व फार तहान लागली म्हणजे पानांची सूक्ष्म छिद्रे दिवसा मिटून रात्री उघडते. दृष्टांत रोपास ओढूनताणून लावू नये. त्यापेक्षा मुलांस उमललेल्या फुलातील केसरांस गवताच्या काडीने हलकेच स्पर्श करावयास सांगा. केसर स्पर्शाच्या बाजूस वळतात. मुले हे विसरत नाहीत.

एक इशारा. घोळाची भाजी ह्याच रोपाची बहीण, तिची फुले लहान व पिवळी. तिच्यासारखीच दिसणारी एक जमिनीलगतची दुधी असते; देठ मोडताच पांढरा चीक आला तर ती खाऊ नये. घोळही मुतखड्याच्या रोग्याने टाळावी. चिनी गुलाब भाजीसाठी नाही.

जेथे भरतीचे खारे पाणी पोहोचते तेथे चिनी गुलाबाचा हट्ट धरू नये. तेथे धापा आपोआप पसरतो. त्याची पाने तशीच जाड, फुले गुलाबी चांदण्यांसारखी. लिनियसने १७५३ साली त्याची गणना घोळीतच केली होती, पुढे तो निराळ्या कुळाचा ठरला. तो खारी माती धरून ठेवितो. मात्र कांदळवनातून तो उपटून आणू नये. कांदळवनांचा नाश करण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली मनाई केली आहे. आपल्या खाजणाच्या बांधावर असेल तर तेथलीच काडी घ्यावी.

कोकणचा पाऊस हा चिनी गुलाबाचा खरा शत्रू. ज्येष्ठात आभाळ धरू लागले की प्रत्येक रंगाच्या पाचसहा काड्या फुटक्या मडक्यात लावून पागोळीच्या आत, परंतु उजेडात ठेवाव्या. बी कागदाच्या पुडीत बांधून चुलीपासून दूर, कोरड्या जागी टांगावे. बाहेरचा ताटवा कुजला तरी दसऱ्यानंतर ह्याच मडक्यातून काड्या घेऊन शेजारच्या मंडळीसही देता येतात.