अंगठा घेण्याआधी

आरोग्यसेवक बंधुभगिनींनो, शिबिरात आपण सहज म्हणतो, "मावशी, इथं अंगठा लावा." कागद मराठीत, मावशी मेळघाटातल्या, कोरकू बोलणाऱ्या. ही संमती झाली का?

2008 साली सर्वोच्च न्यायालयाने एका 44 वर्षांच्या महिलेच्या प्रकरणात निकाल दिला. तिने दुर्बिणीच्या तपासणीसाठी सही केली होती. ती भुलेखाली असताना डॉक्टरांनी आईची संमती घेऊन गर्भाशय व अंडाशय काढले. जिवाला तातडीचा धोका नव्हता. न्यायालय म्हणाले, तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे होते, आईची संमती चालणार नाही. उपचार कोणता, त्यात धोके काय, दुसरा मार्ग आहे का, काहीच न केल्यास काय होईल, हे रुग्णाला आधी कळले पाहिजे.

आपल्याकडे आईच्या जागी नवरा किंवा सासू असते, एवढाच फरक.

म्हणून मावशींना चालेल अशी कोरकू जाणणारी बाई सोबत घ्या. नवऱ्याला दुभाषा करू नका. सांगून झाल्यावर "समजलं का?" विचारू नका, मान हलतेच. "आता घरी काय सांगाल?" असे विचारा. उत्तर आले नाही तर शाई बाजूला ठेवून पुन्हा सांगा.