आधी जॉबकार्ड, मग भांडण

अगं, काल फोनवर तुझा आवाज ऐकूनच कळलं, गाडी पुन्हा वर्कशॉपला लागली म्हणून. यजमान तिथे जाऊन तावातावाने बोलून आले, बरं केलं. पण त्या बोलण्याची कागदावर नोंद कुठे आहे?

ऐक माझं. वॉरंटीचा निकाल लागतो तो गाडी वर्कशॉपमध्ये आत घेताना, काउंटरवरच. तिथला माणूस घाईघाईत ‘जनरल चेकअप’ असं खरडतो आणि आपण सही ठोकतो. पुढे कंपनी म्हणायला मोकळी, की हा दोष तुम्ही कधी सांगितलाच नव्हता! जॉबकार्ड म्हणजे गाडीचा केसपेपर समज. त्यावर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यायची : ‘पुण्याहून माल भरून येताना खंबाटकीच्या चढाला गाडी ओढत नाही, चेक लाइट लागतो.’ सोबत तारीख आणि किलोमीटर. स्कॅनर लावला की एरर कोडची प्रिंट मागायची; नाहीच दिली तर स्क्रीनचा फोटो काढायचा. गाडी परत घेताना ‘काम समाधानकारक’वर डोळे मिटून सही नको. ‘लोड टाकून चालवून बघू, मग कळवू’ असं लिहून सही करा. समोरचा तोंड वाकडं करेल. करू दे.

आणि हो, आपली बाजूही स्वच्छ हवी. बाहेरच्या इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग कापून हॉर्न-लाइट बसवले असतील, सर्व्हिस चुकली असेल, तर कंपनीला आयतं निमित्त मिळतं. गाडीत भरायच्या युरियाची आणि डिझेलची बिलं फेकू नकोस. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुतेक वेळा त्या-त्या बनवणाऱ्याची वेगळी असते. क्लच प्लेट, ब्रेक लायनर झिजले म्हणून भांडण्यात अर्थ नाही.

वॉरंटीचं पुस्तक आजच उघड. वर्षं किंवा किलोमीटर, जे आधी भरेल ते, असा नियम असतो. रोज 250 किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे लाख किलोमीटर सव्वा-दीड वर्षातच भरतात. ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ हे वाक्य गोड वाटतं, पण त्यात नुकसान आपलंच.

विक्रेता ऐकत नसेल तर थेट कंपनीला ईमेल कर, चॅसिस नंबर आणि सगळ्या जॉबकार्डांसह. तरी हलले नाहीत तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदव. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दाद मागता येते, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. दहा लाखांच्या आतल्या गाडीला शुल्क फार तर 200 रुपये.

तिथे कंपनीचा वकील पहिलं हेच म्हणेल, की गाडी धंद्यासाठी घेतली, हे ग्राहक कसले? घाबरू नकोस. 1995 सालच्या लक्ष्मी इंजिनीअरिंगच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ट्रकचंच उदाहरण दिलंय : स्वतः चालवून पोट भरण्यासाठी ट्रक घेणारा ग्राहकच. गाडी तुझ्या यजमानांच्या नावावर आहे, चालवतातही तेच. तक्रारीत हे पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहा. दहा गाड्यांचा मालक असता तर गोष्ट वेगळी.

‘नवी गाडीच द्या’ म्हणून अडून बसू नका, असं मात्र माझं मत. त्यासाठी मुळातच बांधणीत दोष असल्याचं तज्ज्ञाच्या अहवालाने सिद्ध करावं लागतं, आणि इकडे हप्ता थांबत नाही. दोषी भाग फुकट बदलून द्या आणि उभ्या राहिलेल्या दिवसांची भरपाई द्या, ही मागणी टिकते. म्हणून गाडी कोणत्या दिवशी बंद होती आणि कोणतं भाडं हुकलं, ते वहीत लिहीत जा.

आज रात्री जेवणं उरकली की सगळी जॉबकार्डं काढ, तारखेप्रमाणे लाव आणि मला फोटो पाठव. ईमेलचा मजकूर मी लिहून देते.