आयसीयूतून घरी आल्यानंतर

मेंदूज्वर, डेंग्यू किंवा न्यूमोनियातून उठलेलं लेकरू घरी येतं, दृष्ट काढली जाते, पेढे वाटले जातात. आणि काही आठवड्यांनी आई विचारायला येते, "डॉक्टर, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, मग हा असा का वागतो?"

कारण आजार रिपोर्टांपुरता नसतो. अतिदक्षता विभागातून बाहेर पडलेल्या मुलांच्या या अवस्थेची सविस्तर मांडणी 2018 मध्ये झाली. शरीर, बुद्धी, मन आणि इतरांत मिसळणं, या चारही अंगांनी मूल सावरत असतं आणि त्याच्याबरोबर घरही. त्याला महिने लागतात, काहींना वर्षं.

व्हेंटिलेटरवर, गुंगीच्या औषधांखाली पडून राहिलेल्या मुलाचे स्नायू झपाट्याने झडतात. ते जमिनीवरून उठताना हात टेकतं का, जिन्यावर कठडा धरतं का, ते पाहा. रोज थोडं चालवा, खेळू द्या. भूक मंद असते. एका वेळी ताट भरण्यापेक्षा दोन-दोन तासांनी थोडं द्या, त्यात डाळ, अंडं, दूध, शेंगदाणे असू द्या. घशातल्या नळीमुळे बसलेला आवाज बहुधा सुधारतो. पण श्वास आत घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, मग तो घरी आल्यावर काही आठवड्यांनी का असेना, त्याच दिवशी दवाखाना गाठा. मेंदूज्वर झाला असेल किंवा अमिकासिनसारखी इंजेक्शनं बरेच दिवस चालली असतील, तर कानांची तपासणी मागून घ्या. ऐकू कमी येणारं मूल घरात "हट्टी" ठरतं, याचं मला फार वाईट वाटतं.

मनाचं दुखणं मात्र कुठल्याच डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं नसतं. पाचवीतला मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करतो. मोबाइल वाजला की दचकतो, कारण मॉनिटर तसाच वाजायचा. "भिंतीवर मुंग्या चालत होत्या, मला बांधलं होतं," असं सांगतो. तो खोटं बोलत नसतो. तीव्र आजारात आणि गुंगीत मेंदू भ्रमतो आणि त्या आठवणी खऱ्या वाटतात. "काढून टाक डोक्यातून" म्हणू नका. काय झालं होतं, नळी कशासाठी होती, हात का बांधले होते, ते साध्या शब्दांत सांगा. स्कँडिनेव्हियात परिचारिका आयसीयूतल्या रुग्णासाठी रोजनिशी लिहितात, ती याचसाठी. तुम्हीही वहीत तारखेनिशी लिहून ठेवा. फोटो दाखवण्याआधी मात्र मुलाला विचारा.

शाळेची घाई नको. पहिले काही दिवस अर्धवेळ पाठवा आणि वर्गशिक्षकांना भेटून सांगा की लक्ष लवकर उडेल, पाठांतर मागे पडेल. हा आळस नव्हे. चालणं, बोलणं किंवा शिकणं अडलं असेल, तर आपल्या जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे का, ते विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तिथे तपासणी आणि उपचार मोफत होतात.

आता घराकडे वळू. रात्रीतून चारदा उठून लेकराच्या छातीवर हात ठेवून श्वास पाहणारी आई, कर्जाच्या हप्त्यांत अडकलेला आणि कुणाशी न बोलणारा बाप, आणि त्या काळात मामाकडे पाठवलेली धाकटी बहीण. तिला कुणी काही सांगितलेलंच नसतं. आपण भांडलो म्हणून दादा आजारी पडला, असं तिला वाटत असतं. तिच्याशी वेगळं बसून बोला. आईबाबांना महिन्यानंतरही झोप लागत नसेल, ते दिवस डोळ्यांपुढून हलत नसतील, तर टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. त्यात कमीपणा काही नाही.

डिस्चार्ज घेतानाच पुढच्या भेटीची तारीख मागून घ्या, मूल ठणठणीत दिसत असलं तरी या. येताना धाकटीलाही आणा, आणि स्वतःच्या झोपेबद्दल डॉक्टरांनी विचारलं नाही, तर तुम्ही होऊन सांगा.