महागडा की-बोर्ड घ्यावा का? आधी मनगटाला विचारा

संगणकावर काम करणाऱ्या मंडळींकडून हल्ली एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "डॉक्टर, टाईप करून हात दुखतो, बोटांना मुंग्या येतात. पंधरा-वीस हजारांचा मेकॅनिकल की-बोर्ड मिळतो म्हणतात. तो घेतला तर दुखणे थांबेल का?"

असे विचारणारे सगळेच हौशी नसतात. झेरॉक्सच्या दुकानात टंकलेखन करणारे, कोर्टाबाहेर बसून दावे-अर्ज टाईप करून देणारे, सेतू केंद्रातील ऑपरेटर, पतसंस्थेतील कारकून, टायपिंगच्या परीक्षेची तयारी करणारी मुले असे हातावर पोट असलेले लोक त्यात बरेच असतात. त्यांच्या दृष्टीने पंधरा हजार म्हणजे महिन्या-दीड महिन्याची कमाई. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायला हवे.

थोडक्यात सांगायचे तर, चांगला की-बोर्ड बोटांना सुखावतो, पुष्कळ दिवस टिकतो. पण तो औषध नव्हे. दुखण्याचे कारण बहुतेक वेळा टेबलाची उंची, मनगटाचा बाक, बोटांचा जोर आणि विश्रांतीचा अभाव यांत असते. कधीकधी ते शरीरातील दुसऱ्याच आजारात दडलेले असते. ते न शोधता की-बोर्ड बदलणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा प्रकार होतो.

हा की-बोर्ड वेगळा कसा?

साध्या की-बोर्डात प्रत्येक बटणाखाली रबराची एक छोटी टोपी असते. ती पूर्ण दबली की खालच्या पातळ पडद्यावरील जोड जुळतो व अक्षर उमटते. मेकॅनिकल की-बोर्डात प्रत्येक बटणाखाली स्प्रिंग असलेला स्वतंत्र स्विच असतो. जर्मनीतील चेरी कंपनीने १९८० च्या दशकात आणलेले स्विच या प्रकारात प्रसिद्ध आहेत, आणि आज मिळणारे अनेक स्विच त्याच धर्तीवर बनतात. असे बटण साधारण चार मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर मात्र निम्म्या वाटेवर, म्हणजे दोन मिलिमीटरच्या आसपासच उमटते. काही स्विच हलके असतात, सुमारे ४५ ग्रॅम जोराने दबणारे. काही ६० ग्रॅमचे किंवा त्याहून जड. काही टकटक वाजतात, काही दबताना बोटाला नुसती हलकी खूण देतात, तर काही लोण्यासारखे सरळ खाली जातात.

महागड्या की-बोर्डात याखेरीज अ‍ॅल्युमिनियमचे जड अंग, सोल्डरिंग न करता स्विच उपटून दुसरा बसवण्याची सोय, बटणांवरच्या टोप्या बदलण्याची सोय आणि कोणत्या बटणाने कोणते काम करायचे ते स्वतः ठरवण्याची सोय मिळते. यातले आरोग्याच्या कामाचे किती, ते आता पाहू.

जोर कोण लावतो? बटण की बोट?

निम्म्या वाटेवर अक्षर उमटते, म्हणजे बोटाचे कष्ट वाचले, असे वाटणे साहजिक आहे. ते खरेही आहे, पण एका अटीवर. बोटाने निम्म्या वाटेवरून परत फिरायला हवे. अभ्यासांत असे दिसून आले आहे, की टंकलेखन करणारा माणूस बटणाला लागणाऱ्या जोराच्या दुपटीहून अधिक जोर लावतो. ज्यांनी जुन्या टाईपरायटरवर हात बसवला, त्यांची बोटे तर बटण तळापर्यंत ठोकल्याशिवाय थांबत नाहीत. अशा माणसाला वीस हजारांचा की-बोर्ड दिला तरी तो तोही ठोकणारच. हलका हात ही सवय आहे आणि ती साध्या की-बोर्डवरही लावून घेता येते. दोन-तीन आठवडे जाणीवपूर्वक हळू टाईप करावे लागते, एवढेच.

दुखणे कुठून येते?

मनगटाच्या तळहाताकडील बाजूस हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे मिटवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. कंडरा म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या. या बोगद्यातील जागा कमी झाली की मज्जातंतू दाबला जातो. मग अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येतात, रात्री झोपेतून जाग येते, हात झटकला की बरे वाटते. यालाच कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात.

हा आजार टायपिंगमुळेच होतो, असा सार्वत्रिक समज आहे. तो पुराव्याला फारसा उतरत नाही. डेन्मार्कमध्ये सुमारे सात हजार तांत्रिक कर्मचाऱ्यांची वर्षभर पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. की-बोर्डच्या वापराशी या आजाराचा ठोस संबंध त्यात आढळला नाही. आठवड्याला वीस तासांहून अधिक माऊस वापरणाऱ्यांत मात्र तक्रारी जास्त दिसल्या. म्हणजे सारे पैसे की-बोर्डवर घालवताना माऊसकडे कुणी पाहतच नाही!

मधुमेह, थायरॉईडची कमतरता, संधिवात, गर्भारपण आणि स्थूलपणा ही या आजारामागची ओळखीची कारणे आहेत. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो अधिक आढळतो.

एका डी.टी.पी. करणाऱ्या भगिनीचे उदाहरण येथे देण्यासारखे आहे. वय चाळिशीच्या पुढे. उजव्या हाताला रात्री मुंग्या येत. नवा की-बोर्ड घेण्यासाठी त्यांनी भिशीचे पैसे बाजूला ठेवले होते. तपासणीत वजन वाढलेले, त्वचा कोरडी, थकवा अशी लक्षणे दिसली, म्हणून रक्त तपासले. थायरॉईडचे प्रमाण कमी निघाले. गोळी सुरू झाली, रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला, टेबलाची उंची सुधारली. काही महिन्यांत मुंग्या थांबल्या. की-बोर्ड जुनाच आहे. त्यांनी आधी खरेदी केली असती, तर चार-सहा महिने "आता बरे वाटेल" या आशेवर गेले असते आणि मज्जातंतूवरचा दाब तसाच राहिला असता.

करंगळीला मुंग्या येत असतील, तर कोपर टेबलाच्या कडेवर टेकवून बसण्याची सवय तपासावी. मानेपासून हातापर्यंत कळ येत असेल, तर दोष मानेच्या मणक्यात असू शकतो. अंगठ्याच्या बुडाशी दुखत असेल, तर मोबाईल किती वेळ हातात असतो तेही आठवावे.

उंची आणि रुंदी

बसल्यावर खांदे सैल, कोपर काटकोनात किंवा किंचित उघडे आणि मनगट सरळ रेषेत, ही टंकलेखनाची योग्य बैठक. बाजारातील टेबल साधारण तीस इंच उंच असते. आपल्याकडील सव्वापाच फुटांच्या आतल्या माणसाला ते उंच पडते. मग खांदे वर उचलले जातात आणि मनगट मागे वाकते. त्यावर मेकॅनिकल की-बोर्ड ठेवला, तर तो साध्यापेक्षा जाड असल्याने मनगट आणखीच वाकते. महाग वस्तू घेऊन दुखणे वाढले, असे म्हणणारे लोक भेटतात, ते यामुळे.

उपाय सोपे आहेत. खुर्ची उंच करावी आणि पाय लोंबकळू नयेत म्हणून पायाखाली पाट ठेवावा. शक्य असल्यास सुताराकडून टेबलाखाली सरकता फळा बसवून घ्यावा. की-बोर्डच्या मागचे दोन पाय मिटून ठेवावेत. ते उघडले की मनगट हमखास मागे वाकते. मनगट टेकवण्याची गादी वापरल्यास टाईप करताना तिच्यावर भार देऊ नये, थांबल्यावर हात टेकवावा.

रुंदीचाही विचार करावा. उजवीकडचा आकड्यांचा भाग माऊसला दूर ढकलतो व खांदा ताणला जातो. ज्यांना आकडेमोड फारशी नसते, त्यांना आकड्यांच्या भागाविना मिळणारा आटोपशीर की-बोर्ड सोयीचा पडतो. तो साध्या प्रकारातही मिळतो. पतसंस्थेतील कारकुनाने मात्र आकड्यांचा भाग सोडू नये.

बटणे बदलण्याची सोय

मराठी टंकलेखकांना ही सोय खरोखर उपयोगी पडू शकते. इनस्क्रिप्ट पद्धतीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात. ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ, ण, श, ळ ही सर्व अक्षरे शिफ्ट दाबून काढावी लागतात. म्हणजे डाव्या करंगळीला, सर्वांत दुबळ्या बोटाला, दिवसभर शिफ्टवर राबावे लागते. महागड्या की-बोर्डात शिफ्टचे काम अंगठ्याजवळच्या बटणाला देता येते.

पण यासाठी पैसे मोजण्याआधी संगणकातील फुकट सोय वापरून पाहावी. विंडोजमध्ये शिफ्टचे बटण लागोपाठ पाच वेळा दाबले, की 'स्टिकी कीज' सुरू करण्याविषयी विचारणा होते. ती सुरू केल्यास शिफ्ट दाबून धरावी लागत नाही. एकदा दाबून सोडावी आणि मग अक्षर दाबावे. आठवडाभरात करंगळीला आराम पडला, तर दुखण्याचे कारण सापडले असे समजावे.

पैशाचा हिशेब

विक्रेते सांगतात, "स्विच पाच कोटी वेळा दाबला तरी बिघडत नाही." हा आकडा एकेका बटणाचा असतो, हे ध्यानात घ्यावे. मिनिटाला तीस शब्द, शब्दाला पाच ठोके धरले, तर तासाला नऊ हजार आणि पाच तासांत पंचेचाळीस हजार ठोके होतात. वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर एक कोटी पस्तीस लाख. सर्वाधिक वापराच्या बटणाच्या वाट्याला त्यातले दहा टक्के आले, तरी साडेतेरा लाख. पन्नास लाख ठोक्यांचे साधे बटणही या हिशेबाने साडेतीन वर्षे टिकते. प्रत्यक्षात की-बोर्ड मरतो तो बहुधा धूळ आणि सांडलेला चहा यांनी, आणि त्या बाबतीत महाग-स्वस्त असा भेद नाही.

पंधरा हजारांचा की-बोर्ड पाच वर्षे वापरला, तर महिना अडीचशे रुपये पडतात. सहाशेचा की-बोर्ड दरवर्षी बदलला, तरी पाच वर्षांत तीन हजार होतात. फरक बारा हजारांचा. एवढ्या पैशांत पाठीला आधार देणारी बरी खुर्ची, सरकता फळा, चष्म्याची तपासणी आणि साखर व थायरॉईडची रक्ततपासणी होऊन जाते.

मग कोणी घ्यावा?

रोज चार-पाच तास सलग टंकलेखन हाच ज्यांचा व्यवसाय आहे, बैठक व उंची ज्यांनी आधी सुधारली आहे, ज्यांना हलक्या हाताची सवय आहे आणि ज्यांना त्यासाठी कर्ज काढावे लागणार नाही, त्यांनी जरूर घ्यावा. कामाच्या हत्याराचा आनंद ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. मात्र हलके आणि न वाजणारे स्विच निवडावेत. रात्री घरात टकटक झाली, तर आपले काम होईल पण इतरांची झोप जाईल. शक्यतो कुणाच्या तरी की-बोर्डवर तासभर टाईप करून पाहावे. दुकानात दोन ओळी टाईप करून काही कळत नाही.

मधला मार्गही आहे. स्विच बदलण्याची सोय असलेले मेकॅनिकल की-बोर्ड चार-पाच हजारांतही मिळतात. बोटांना जे सुख मिळायचे ते बहुतेक तेथेच मिळते. त्यावरचे पैसे धातूच्या अंगाचे, रंगीत दिव्यांचे आणि हौसेचे. हौस असावी, पण तिला उपचार म्हणू नये.

टायपिंग परीक्षेच्या विद्यार्थ्यांनी घाई करू नये. परीक्षेला केंद्रावरचा साधा की-बोर्ड मिळतो. हात त्यावरच बसलेला बरा.

आधी सात दिवस हे करा

एक वही घ्यावी. रोज किती तास टंकलेखन झाले, किती वेळ माऊस वापरला, कोठे आणि केव्हा दुखले, हे लिहावे. दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे उठावे, मुठी उघडमीट कराव्यात, खांदे गोल फिरवावेत. वर सांगितल्याप्रमाणे उंची सुधारावी. सात दिवसांनी दुखणे कमी झाले, तर नव्या की-बोर्डची निकड नाही. ते तसेच राहिले, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे.

मुंग्यांनी रात्री जाग येणे, हातातून कप किंवा पेन निसटणे, शर्टाची बटणे लावता न येणे, अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसका दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास मात्र सात दिवसही थांबू नये. उंचवटा झिजू लागला, की मज्जातंतूला बरीच इजा झालेली असते आणि उपचार उशिरा झाल्यास गेलेली ताकद पूर्णपणे परत येईलच असे नाही. वेळीच आलेल्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांना रात्रीचा पट्टा किंवा एखादे इंजेक्शन यांवर आराम पडतो; काहींना छोटी शस्त्रक्रिया लागते. औषधाच्या दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाऊ नयेत.

पुढील आठवड्यात : संगणक आणि डोळ्यांचा कोरडेपणा