चला, पेठ वाचू या

माढ्याहून आगगाडीत बसले की मोहोळ मागे पडते आणि सोलापूर येते. लग्नाचा बस्ता बांधायला आपल्याकडची पुष्कळ माणसे तिकडेच जातात. वर्षभराच्या ज्वारीचे पैसे कनवटीला असतात. म्हणून आम्ही सांगतो, सोलापूरची पेठ पायी हिंडावी आणि वाचत हिंडावी.

या बाजारात मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा कानी पडतात. पण दुकानावरची पाटी तुम्हांला वाचता येते. २०२२ च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व दुकानांना मराठी पाटी लावावी लागते. तिची अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. पाटी वाचली म्हणजे वाट विचारत फिरावे लागत नाही.

प्रथम नवी पेठ पाहावी. तयार कपडे, चपला, बांगड्या, सगळे हारीने मांडलेले असते. लगेच घेऊ नये. चार दुकानांत भाव विचारावा. लाजायचे काय त्यात?

मग जुन्या भागात चाटी गल्लीत यावे. चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी. नावातच धंदा सांगितला आहे. बस्त्याचे कापड येथे पाहावे.

चादर घेताना ती उलटून पाहावी. सोलापुरी चादरीची नक्षी मागावर विणलेली असते, म्हणून ती दोन्ही अंगांना दिसते. छापील चादरीची उलटी बाजू फिकी असते. भावात फरक असेल तर तो कशाचा, हे यावरून कळते.

सराफाकडे भिंग मागावे. हॉलमार्कच्या दागिन्यावर तीन खुणा असतात: त्रिकोणी शिक्का, शुद्धतेचा आकडा आणि सहा अंक-अक्षरांची खूण. २२ कॅरट सोन्यावर ९१६ हा आकडा असतो. १ एप्रिल २०२३ पासून सहा अंक-अक्षरांच्या खुणेशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही.

परतताना शेंगाचटणीची पुडी घ्यालच. तिच्यावर तारीख, वजन आणि कमाल किंमत छापलेली असते. त्या किमतीत सर्व कर आलेले असतात. तिच्यापेक्षा एक पैसाही जास्त देऊ नये. कमी मात्र खुशाल मागावे.

मोबाईलवरून पैसे देताना दुकानदाराचे नाव समोर येते. ते वाचावे, रक्कम पाहावी, मगच पुढे जावे. पक्की पावती घ्यावी, बेरीज स्वतः करावी. कोणी फसवलेच तर पावती हाती ठेवून १९१५ या सरकारी क्रमांकावर फोन करावा. पावती नसेल तर आपले म्हणणे लंगडे पडते.

वाचणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदारही मान देतो. शिकलेले अक्षर असे रोज कामाला लावावे.

अभ्यास

१. चाटी म्हणजे कोण?
२. विणलेली चादर कशी ओळखाल?
३. ९१६ हा आकडा काय सांगतो?
४. घरातील एका पाकिटावरची तारीख, वजन आणि किंमत वहीत उतरून काढा.