फराळाचा डबा आणि वजनाचा काटा

दिवाळी संपली की दवाखान्यातील काट्यावर उभे राहायला बरेच जण कचरतात. काही जण भरपाई म्हणून उपास धरतात. गेल्या वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ असेच उपाशी राहिले. मधुमेहाची गोळी मात्र नेमाने घेतली. दुपारी मुलाने त्यांना रिक्षातून आणले, तेव्हा घामाने निथळत होते, हात थरथरत होते. रक्तातील साखर उतरली होती. शुद्धीवर होते, म्हणून साखरेचे पाणी पाजले. आदल्या दिवशी लाडू खाऊन पस्तावलेल्या माणसाला साखर पाजावी लागली! मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवण कधीही चुकवू नये.

खरे तर चार दिवसांच्या फराळापेक्षा नंतर महिनाभर चहाबरोबर उघडणारा डबा अधिक नडतो. एका मध्यम बेसनलाडवात सुमारे २०० उष्मांक असतात. तेवढे खर्चायला पाऊण तास झपाझप चालावे लागते. म्हणून फराळ जेवणावर नको, नाश्त्याच्या जागी घ्यावा. उरलेला वाटून टाकावा. आमच्याकडे तसेच करतात. चिवड्याचा एक डबा तेवढा मी मागे ठेवतो, हे सौभाग्यवतींना कळवू नये.