पियानो घ्यायचा आहे : नवा की वापरलेला?

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. पण हौसेच्या वस्तूला मोल असते आणि ते आपल्याच खात्यातून जाते. म्हणून या पाठात एका मोठ्या खरेदीचा हिशेब मांडू. पियानोऐवजी तुमच्या मनात शिवणयंत्र किंवा वापरलेली गाडी असली, तरी रीत हीच.

उदाहरण

एका कुटुंबातील मुलगी तीन वर्षांपासून पियानो शिकते आहे. घरी छोटा ग्रँड पियानो असावा, अशी तिची इच्छा आहे. आईवडिलांकडे ४ लाख रुपयांची मुदत ठेव आहे. आजारपण किंवा नोकरीतील खंड यासाठी ठेवलेली हीच एक रक्कम. नवा पियानो ९ लाखांना आणि वापरलेला ४ लाखांना मिळतो, असे समजू. (या पाठातील सर्व रकमा व दर हिशेब समजण्यासाठी धरलेले आहेत.)

पर्याय १ : नवा

ठेव मोडून ४ लाख भरले, तरी ५ लाखांचे कर्ज लागेल. १२ टक्के दर, मुदत ५ वर्षे. व्याज घटत्या शिलकीवर असेल, तर मासिक हप्ता सुमारे ११,१२२ रुपये आणि एकूण व्याज सुमारे १ लाख ६७ हजार. तोच १२ टक्के दर ‘फ्लॅट’ असेल, तर हप्ता १३,३३३ रुपये आणि व्याज पूर्ण ३ लाख! म्हणून नुसता दर विचारू नका. व्याज कशावर आकारणार आणि एकूण किती रक्कम परत करायची, हे लेखी घ्या.

नव्या पियानोला वॉरंटी असते, हा मोठा फायदा. पण दुकानाबाहेर पडताच तो ‘वापरलेला’ ठरतो आणि विकायला गेल्यास किंमत उतरते. शिवाय नव्या तारा ताणत राहतात, त्यामुळे पहिल्या वर्षी ट्यूनिंग जास्त वेळा करावे लागते.

पर्याय २ : वापरलेला

इथे कर्ज नाही, पण ४ लाख हा शेवटचा आकडा नव्हे. छोटा ग्रँडही साधारण पाच फूट लांब आणि अडीचशे किलोच्या पुढे असतो. पाय आणि पेडल सोडवून, जाणत्या माणसांकडूनच तो हलवावा लागतो. वाहतुकीला १५ हजार, दुरुस्तीला ६० हजार आणि ट्यूनिंगला ५ हजार धरले, तर खर्च ४ लाख ८० हजार होतो. म्हणजे किमतीच्या वर २० टक्के हाताशी हवेत.

इसार देण्यापूर्वी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या ट्यूनरला त्याची फी देऊन पियानो दाखवा. त्याने पुढील गोष्टी पाहाव्यात :

• ट्यूनिंगच्या खुंट्या घट्ट आहेत का? त्या सैल असतील, तर पियानो सुरात राहत नाही आणि दुरुस्ती महाग पडते.
• साउंडबोर्डला भेग आहे का, आणि वाजवताना खरखर येते का? प्रत्येक भेग घातक नसते.
• हातोड्यांच्या फेल्टवर तारांचे खोल चर पडले आहेत का? कसर लागली आहे का?
• तारांवर गंज, लाकडाला वाळवी? मुंबई, गोवा, कोलकाता, चेन्नई अशा दमट हवेच्या ठिकाणी हे अवश्य पाहा.
• सर्वच्या सर्व ८८ पट्ट्या वाजवून पाहिल्या का?

अनेक कंपन्यांच्या अनुक्रमांकावरून पियानो कोणत्या वर्षी बनला, ते कळते. विक्रेत्याचे शब्द त्याच्याशी ताडून पाहा. पैसे बँकेमार्फत द्या आणि पावती घ्या.

दोन्ही पर्यायांतील चूक

एक गोष्ट ध्यानात आली का? नवा घ्या किंवा वापरलेला, ठेव दोन्हीकडे मोडली. मुदतीपूर्वी ठेव मोडल्यास व्याज कमी मिळते, पण खरा धोका वेगळाच आहे. उद्या घरात कोणी आजारी पडले, तर अडीचशे किलोचा पियानो एका दिवसात विकला जात नाही.

पर्याय ३ : हप्ता आधी स्वतःला भरा

जे कुटुंब ११ हजारांचा हप्ता भरायला तयार आहे, ते दरमहा १० हजारांची आवर्ती ठेव नक्की चालवू शकेल. ६.५ टक्के दराने ३ वर्षांत सुमारे ३ लाख ९८ हजार जमतील. (व्याजावरील कर वेगळा.) त्यातून ३ लाख ३० हजारांपर्यंतचा वापरलेला पियानो, त्यावरील २० टक्क्यांसह, बसतो. मूळ ठेवही शाबूत राहते.

पण मुलीने तीन वर्षे थांबायचे का? मुळीच नाही. तोवर डिजिटल पियानो किंवा भाड्याचा अपराइट घेता येईल. त्यासाठी हप्त्यातील थोडी रक्कम वळवावी आणि मुदत काही महिने वाढवावी. ग्रँडचा एक गुण खरा : त्याची पट्टी पूर्ण वर येण्याआधीच पुन्हा वाजवता येते, म्हणून जलद स्वर सुटत नाहीत. पण अगदी छोट्या ग्रँडच्या तारा आखूड असतात. चांगल्या उंच अपराइटचा खर्ज कधीकधी त्याहून भरदार लागतो. म्हणून ‘ग्रँडच हवा का?’ हा प्रश्न आधी तिच्या शिक्षकांना विचारा. कदाचित निम्म्या खर्चात काम भागेल.

लक्षात ठेवा

१. अडीअडचणीची ठेव हौसेसाठी मोडू नये.
२. किंमत म्हणजे एकूण खर्च नव्हे.
३. वापरलेली वस्तू जाणकाराला दाखवल्याशिवाय इसार देऊ नये.

स्वतः करून पाहा

तुमच्या मनातील एखादी मोठी खरेदी वहीत लिहा. किंमत, आणण्याचा खर्च, दुरुस्ती आणि वर्षाचा सांभाळ यांची बेरीज करा. ती रक्कम कर्जाविना किती महिन्यांत जमेल, ते काढा. आकडा जुळत नसेल, तर वही घेऊन शाखेत या. आपण सोबत बसून पाहू.